हळद-चुन्याचा लेप

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. रेणापुरात सून म्हणून आले तेव्हापासून देवघरात लिंगपूजा, स्वयंपाकघरात वरण-भाकरी आणि परसात बेल, तुळस अन् दोन लिंबाची झाडं, एवढाच आमचा पसारा. त्या परसात पाच टर्की येऊन राहतील आणि साठी उलटल्यावर मी त्यांची डोकी धुवायला पदर खोचून बसेन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. माझं तोंड तसं फटकळ आहे. लोक सांभाळून असतात.

ते टर्की आमचे नव्हतेच. भिंतीपलीकडच्या आपांचे होते. आपा माझ्याच वयाच्या. त्यांचे मालक वारल्यापासून त्या कोंबड्यांत रमल्या, आणि पुढं कुठून तरी टर्कीची पिल्लं आणून त्यांनी हौसेनं वाढवली. दोन नर, तीन माद्या. माघ महिन्यात त्यांच्या नांदेडच्या लेकीला डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं. पहिलंच बाळंतपण, तेही नाजूक. आपांना दोन-तीन महिने तिकडं राहणं भाग होतं. कोंबड्या त्यांनी नातलगांत वाटून टाकल्या आणि टर्की घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

“भाभी, हे पाच जण तुमच्याकडं राहू द्या.”

“आपा, तुमचा एवढा गोतावळा सोडून आमच्याकडं? आमच्या घरी ह्यांचं काय काम?”

“तेच तर. दुसऱ्या कुणाकडं ठेवलं तर मी येईस्तोवर तीनच राहतील. तुमच्याकडं एक बी कमी व्हणार न्हाई.”

आमच्या शाकाहाराचा असा उपयोग कुणी केला नव्हता. मी हाव म्हटलं. जाताना आपांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. दोन्ही नरांवर नजर ठेवा, एकानं दुसऱ्याची सोंड धरली की लगेच वेगळं करा. सोंड म्हणजे चोचीवरून खाली लोंबतं ते मांसाचं बोंडूक. मी हाव हाव म्हणत राहिले आणि दुसऱ्या मिनिटाला विसरून गेले. माझं मन तेव्हा पक्ष्यांत नव्हतं.

दिवाळीनंतर आमच्या ह्यांना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली. लातूरच्या दवाखान्यात पंधरा दिवस राहिलो. पाय हळूहळू हलायला लागला, काठीच्या आधारानं व्हरांड्यापर्यंत यायला लागले, पण वाचा काही परत आली नाही. आणि वाचा गेली ती कुणाची, तर पेठेतल्या कापड दुकानात चाळीस वर्षं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बोलत बसलेल्या माणसाची.

त्यांच्या बोलण्यात रंगांचा मोठा मान होता. ते लालला लाल म्हणत नसत. एखादी बाई “ते लाल लुगडं दाखवा” म्हणाली की हे विचारणार, “कोणतं म्हणता? डाळिंबी, शेंदरी, विटकरी, का गुलबक्षी?” निळ्यात त्यांच्याकडं चिंतामणी होता, मोरपंखी होता. जांभळ्याला ते वांगी म्हणायचे. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मी माहेरून आणलेलं एक पातळ लाल आहे म्हणाले, तर ह्यांनी ते उजेडात नेऊन अर्धा तास मला समजावलं की ते आमसुली आहे. मी कंटाळून म्हटलं होतं, “बरं बाई, आमसुली. आता आमटी करू का त्याची?” त्या बडबडीला मी जन्मभर वैतागले. ती बंद झाल्यावर घरात भांडी घासल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायला लागला.

लातूरला वाचेचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. गोड बोलायची. तिनं सांगितलं होतं, रोज तीन वेळा मोठ्यानं “आ” म्हणायचं, लांबवायचं, मग एकेक अक्षर. हे घरी आल्यावर तोंड मिटून बसले. शाळेतल्या पोरासारखं आ-आ करायला त्यांना लाज वाटत होती, आणि मी समोर बसून “म्हणा, म्हणा” करत होते, त्यानं ते आणखीच घट्ट होत होते. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळायची. ती पुसायला माझ्या खांद्यावर कायम एक मऊ फडकं असे. सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन ते बसत, मी त्यांच्या कपाळाला विभूती लावी, आणि आमचा दिवस असा मुक्यानंच सुरू होई.

टर्की आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ह्यांना व्हरांड्यात मोठी शिंक आली. समोरच्या धाकट्या नरानं मान पुढं काढली आणि “गलगलगलगल” करून उत्तर दिलं.

हे दचकले. मग इकडं तिकडं बघून, मी स्वयंपाकघरात आहे अशी खात्री करून, हळूच म्हणाले, “आ.”

“गलगलगलगल!”

मी दाराआडून बघत होते. ह्यांनी पुन्हा “आ” म्हटलं, जरा मोठ्यानं. पुन्हा उत्तर आलं. थोरला नर पिसारा फुगवून आपल्याच तोऱ्यात माद्यांपुढं मिरवत होता, त्याला कशाशी देणंघेणं नव्हतं. धाकटा मात्र व्हरांड्याच्या जाळीशी येऊन उभा राहिला, पुढच्या आवाजाची वाट बघत. ह्यांना हसू आलं. अर्ध्याच तोंडानं, पण हसू. मी चुलीपुढं जाऊन डोळे पुसले.

त्या दिवसापासून रोजचा पाठ सुरू झाला. मला तिथं थांबायची बंदी होती. मी आले की दोघंही गप्प. पंधरा दिवसांत “आ” लांबला, मग “बा” आला, “पा” आला, एकदा तर “बाबा” असं चांगलं ऐकू आलं. मी लातूरच्या मुलीला फोन करून सांगितलं की ह्यांना नवीन मास्तर मिळालाय. तिला वाटलं मी दुसऱ्या कुणाकडं उपचार सुरू केले. तिची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली.

मग एके सकाळी मारामारी झाली. मी देवघरात होते. परसातून पंखांचा फडफडाट आणि ह्यांची काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. धावत गेले तर थोरल्यानं धाकट्याची सोंड चोचीत धरली होती आणि दोघं मानेला मान घालून गोल गोल फिरत होते. ह्यांची काठी जाळीवर बसत होती. मी झाडू घेऊन मध्ये पडले, थोरल्याला चार रट्टे दिले, तेव्हा कुठं त्यानं सोडलं. धाकट्याची सोंड फाटली होती, डोक्यावरची कातडी सोललेली, एक डोळा सुजून मिटलेला. रक्त मानेवरून पिसांत उतरत होतं. आपांचं बोलणं तेव्हा आठवलं, आणि माझीच मला चीड आली.

आता औषध काय? आमच्याकडं सूज आली, मार लागला, पाय मुरगळला की एकच औषध, हळद-चुन्याचा लेप. माझ्या सासूबाई लावायच्या, माझी आई लावायची. जेवणानंतर मी पान खाते, त्यामुळं चुना घरात असतोच. डबीतला चुना काढला, हळदीत कालवला, पाण्याचा हात लावला. हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे आमच्याकडं चिल्ल्यापिल्ल्यांनाही ठाऊक असतं. चांगला रसरशीत लाल लेप झाला. मी तो धाकट्याच्या डोक्याला, मानेला, सोंडेला जाड थापला. तो तडफडला. मला वाटलं, औषध आहे, झोंबणारच.

ह्यांनी व्हरांड्यातून हाक मारली. हाक म्हणजे नुसता आवाज. “ला... ला...”

मी वळून बघितलं. तोंडाचा कोपरा ओला होता. “आले, आले,” म्हणत मी गेले आणि फडक्यानं लाळ पुसली. ह्यांनी मान झटकली. “ला... ल.”

“हाव की, पुसली. आता न्हाई लाळ.”

ह्यांनी डाव्या हातानं माझा हात बाजूला सारला. चिडलेत, मारामारी बघून घाबरलेत, असं मी धरलं. धाकट्याला एकटं ठेवलं तर तो झुरेल, आपल्या माणसांत असला की लवकर बरा होईल, असं म्हणून मी त्याला पुन्हा त्या चौघांतच सोडून दिलं. माणसाच्या आजारपणातलं शहाणपण मी पक्ष्याला लावलं.

दुपारपर्यंत माद्यासुद्धा त्याच्यामागं लागल्या होत्या. ज्या माद्या एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्या येता-जाता त्याच्या डोक्यावर चोच मारत होत्या. मी हाकलायचे, लेप पडलेला दिसला की आणखी लावायचे. लेप लावला की व्हरांड्यातून “ला, ला” सुरू. मी हात धुऊन, फडकं घेऊन धावायची. एकदा तर मी तापलेच. “सारखं लाळ, लाळ! मला दोनच हात हायत. जरा दम धरा की.” ह्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी पाठ झाला नाही. धाकटा लिंबाच्या बुंध्याशी मान खाली घालून बसला होता, दाण्याकडंही बघत नव्हता. ह्यांनी सकाळी एकदा “आ” म्हटलं. उत्तर आलं नाही. संध्याकाळपर्यंत ह्यांनी तोंड उघडलं ते फक्त दोन घास खायला आणि मला ते “ला, ला” करायला. मला धाकट्याची काळजी होतीच, पण खरं सांगते, त्याहून मोठी भीती ह्यांची होती. तो मेला तर हे पुन्हा तोंड मिटतील, आणि या खेपेला उघडणार नाहीत. ती भीती मी कुणाला बोलूनही दाखवली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हरले आणि नांदेडला आपांना व्हिडिओ कॉल लावला. लेकीची विचारपूस केली, मग रडतच सगळं सांगितलं आणि फोन ह्यांच्या खुर्चीजवळून परसाकडं धरला. आपांनी डोळे बारीक करून बघितलं आणि किंचाळल्या.

“अय्यो भाभी! उसके सर को लाल क्या लगाये जी?”

“हळद-चुना हाय, आपा. सुजेवर.”

“लाल दिसलं की ते मारतेत, भाभी! रक्त बी लाल, तुमचं औषध बी लाल. एकाला लाल दिसला की समदे मारतेत. पुसून काढा आधी. लाल, लाल काढा!”

माझ्या हातात फोन होता. शेजारी खुर्चीत हे होते. ह्यांनी डावा हात उचलला, परसाकडं बोट केलं आणि सगळा जीव गोळा करून म्हणाले, “लाल.”

लाळ नव्हे, लाल. तीन दिवस हा माणूस मला सांगून राहिला होता. दिवसभर जाळीपाशी बसून त्यांनी बघितलं होतं की चोच कुठं पडते. जिथं लाल तिथं. रंगांत जन्म गेलेल्या माणसाला ते दिसणार नाही तर कुणाला? लकव्यानंतरचा त्यांचा पहिला खरा शब्द तो. कधी लालला लाल न म्हणणाऱ्या माणसानं, डाळिंबी आणि शेंदरी जिभेवर येईना म्हणून, त्यातल्या त्यात सोपा शब्द निवडला होता. आणि मी दर वेळी त्यांचं तोंड पुसून त्यांना गप्प करत होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, ऐकत नव्हतेच.

मी फोन तसाच खाली फरशीवर ठेवला आणि त्यांच्या पायाशी बसले. आपा पलीकडून “भाभी, दिसना झालं, काय झालं?” करत होत्या. ह्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्याला एक टप्पल मारली आणि पुन्हा परसाकडं बोट केलं. माफी नंतर, आधी तो पक्षी, असा त्याचा अर्थ होता. मी उठले.

धाकट्याला पदरात गुंडाळून ओट्यावर घेतलं आणि कोमट पाण्यानं लेप भिजवून भिजवून काढला. चुन्यानं जखमेची कड भाजली होती. मग टोपलीत घालून रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथला माणूस बघून म्हणाला, “मावशी, चुना लावलाव काय? पान समजलाव का ह्याला?” मी ऐकून घेतलं. माझ्या तोंडाला त्या दिवशी कुलूप होतं. त्यानं जखम साफ केली, सुई दिली आणि जांभळं औषध दिलं. जखम भरायला चांगलं, आणि रक्ताचा लाल रंगही त्याखाली झाकतो, असं म्हणाला.

घरी आपांच्या सांगण्यावरून परसाचे दोन भाग केले. दुकानाच्या जुन्या खिडकीची जाळी माळ्यावर पडून होती, ती मध्ये उभी केली. धाकटा एकीकडं, बाकीचे दुसरीकडं, पण एकमेकांना दिसतील असे. अजिबात दिसेनासा झाला तर परत आल्यावर त्याला परका समजून पुन्हा मारतील, असं आपांचं म्हणणं. थोरल्याच्या बाजूला मेथीची, कोबीच्या पानांची जुडी सुतळीनं टांगली, म्हणजे चोचीला उद्योग. दाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवली. आपा रोज सकाळी कॉल करायच्या, आणि लेकीच्या उशाशी बसून आमच्या टर्कीची तपासणी करायच्या. त्यांच्या लेकीला मुलगी झाली, ती बातमीही मला अशीच, “आज सोंड वाळली का?” या प्रश्नाच्या आधी कळली.

औषध लावायचं काम ह्यांनी मागून घेतलं. मी धाकट्याला मांडीवर धरायची आणि हे डाव्या हातानं, कापसाच्या बोळ्यानं, हळूहळू टिपायचे. एकदा बोळा धरून थांबले आणि म्हणाले, “वां...”

माझा हात खांद्यावरच्या फडक्याकडं गेला होता. मी तो मागं घेतला. “वां...” ते पुन्हा म्हणाले. मी बसून राहिले. धाकटाही माझ्या मांडीवर गुमान बसून राहिला. ह्यांच्या कपाळावर घाम आला. मला शब्द पुरवावासा वाटत होता, जीभ वळवळत होती, तरी मी दात आवळून धरले.

“वांगी,” ते म्हणाले.

“रंग,” मी म्हटलं. “भाजी न्हाई.”

त्यांनी मान हलवली आणि अर्ध्या तोंडानं हसले. जांभळ्याला चाळीस वर्षं ते हेच म्हणत आले होते.

तीन आठवड्यांनी खपली पडली. सोंडेचं टोक कायमचं गेलं, डोळा मात्र वाचला. एके सकाळी मी पीठ मळत असताना व्हरांड्यातून लांबलचक “आ” ऐकू आला, आणि त्यामागोमाग, जरा चिरका, पण तोच, “गलगलगल”. माझ्या हातातला गोळा परातीत पडला. मी देवघरात जाऊन शंकरापुढं हात जोडले, आणि कुणाकुणाचे आभार मानू ते मला सुचेना. महादेवाचे मानले. लातूरच्या मुलीचे मानले. जनावरांच्या दवाखान्यातल्या त्या तिखट माणसाचे मानले. आणि सगळ्यांत जास्त भिंतीपलीकडच्या शेजारणीचे. आपलं पाखरू आमच्याकडं सुखरूप राहील एवढ्याच भरवशावर तिनं ते ठेवलं होतं, आणि माझ्या घरात आवाज परत आणून दिला होता.

आपा वैशाखात परतल्या. आल्या आल्या पिशवीसुद्धा खाली न ठेवता परसात शिरल्या. धाकटा जाळीशी उभा होता. आपांना बघून, का आमच्या तिघांच्या आवाजानं, तो फुगला आणि त्याच्या डोक्यावर भराभर रंग चढला. टर्कीचं ते तसंच असतं, शांत असला की डोकं निळसर पांढरं, उसळला की रक्त चढतं. हे आपांनाही ठाऊक, पण त्यांच्या डोळ्यांपुढं अजून ती जखमच होती.

“भाभी, अजून लाल हाय की डोकं! जखम भरली न्हाई का?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण व्हरांड्यात काठी वाजली होती. हे खुर्चीतून उठून जाळीला धरून उभे होते. धाकट्याच्या डोक्याकडं निरखून बघत होते, दुकानात उजेडात कापड धरून बघावं तसे.

“लाल... न्हाई,” ते म्हणाले.

आपा थबकल्या. मी त्यांचा हात धरला, थांबा म्हणून.

“डा...” ह्यांनी श्वास घेतला. “डा... ळिं...”

हनुवटीवरून लाळ ओघळत होती, सदऱ्यावर पडत होती. फडकं माझ्या खांद्यावरच होतं. त्यांचा शब्द पुरा होईपर्यंत मी त्याला हात लावला नाही.

“बी,” ते म्हणाले.